लाखेची डाळ आणि मेंदूतला निरोप



भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात लाख, म्हणजेच लाखोळी, घरोघरी माहीत आहे. उभ्या धानात बी फेकावे, उरलेल्या ओलीवर पीक यावे, असे हे काटक कडधान्य. इतर पिके बुडाली तरी लाख हाती लागते. पण महिनोन् महिने हीच डाळ मुख्य अन्न म्हणून पोटात गेली, तर धडधाकट माणसाचे पाय आखडतात. असे का होते?

पाऊल उचलायचे म्हटले की मेंदूतून निरोप निघतो. तो एका मज्जापेशीकडून दुसरीकडे जातो. दोन पेशींमध्ये बारीक फट असते. एका मिलिमीटरचे ५० हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी! पहिली पेशी या फटीत ग्लुटामेट नावाचे द्रव्य सोडते. ते पुढच्या पेशीच्या दारांना कुलपात किल्ली बसावी तसे बसते. दारे उघडतात, सोडियमचे कण आत शिरतात आणि ती पेशी चेतते. लगेच शेजारच्या पेशी ग्लुटामेट शोषून घेतात आणि दारे मिटतात.

पिकाला पाणी देणे जितके गरजेचे, तितकेच ते वेळेवर तोडणेही. मेंदूतही तसेच आहे.

लाखेत ओडॅप नावाचे द्रव्य असते. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले. हे ग्लुटामेटसारखे दिसते. म्हणून त्याच दारांना बनावट किल्लीसारखे लागते. दारे पुन्हा पुन्हा उघडतात, पेशी चेततच राहतात, थकतात आणि शेवटी मरतात. पायांना हुकूम देणाऱ्या पेशींना याचा फटका जास्त बसतो. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही, म्हणून आखडलेले पाय सहसा पूर्ववत होत नाहीत.

तेव्हा एवढे करा. लाख हे रोजचे मुख्य अन्न करू नका. भात, ज्वारी, इतर डाळी, भाजीपाला ताटात असू द्या. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्या, मग भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी काढून टाका. ओडॅप पुष्कळ कमी होते, पण सगळे जात नाही. पेरणीसाठी रतन, प्रतीक किंवा महातिवडा या कमी ओडॅपच्या वाणांचे बियाणे घ्या. घरात कोणाचे पाय जड वाटू लागले, चाल अडखळू लागली, तर लाख त्याच दिवशी बंद करा आणि त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.