घर फुकट, छप्पर महाग

अॅलेक्स कर हा अमेरिकी विद्यार्थी 1973 साली जपानच्या शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात एका घराचा मालक झाला. मोजले 3 लाख 80 हजार येन, तेही जमिनीचे. वरचं लाकडी घर त्यात फुकट मिळालं. सुमारे तीनशे वर्षांचं, गवताने शाकारलेलं, ओसाड पडलेलं. त्याने त्याचं नाव ठेवलं ‘चिइओरी’, म्हणजे बासरीची झोपडी.

जपानमध्ये अशा घरांना आजही गिऱ्हाईक शोधावं लागतं. 2023 च्या सरकारी पाहणीत देशातली 90 लाख घरं रिकामी आढळली, म्हणजे 13.8 टक्के. त्यांतल्या जुन्या पारंपरिक लाकडी घरांना ‘कोमिंका’ म्हणतात. अनेक नगरपालिका ‘अकिया बँक’ चालवून रिकाम्या घरांची यादी लावतात. किंमत पाहून हुरळायला होतं. पण ‘थोडी डागडुजी बाकी’ असं कोणी म्हटलं, की आधी छपराकडे बघावं.

कोमिंकाच्या मधोमध जमिनीत खोदलेली चूल असते, ‘इरोरी’. तिला धुराडं नसतं. धूर वाशांतून, गवतातून वाट काढत बाहेर पडतो. चुलीवरचे काळेभोर वासे कोकणात ज्यांनी पाहिलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. त्या धुराने कीड पळते, ओल सुकते. माणसं शहरात गेली, चूल विझली, की गवत कुजू लागतं. नव्याने शाकारायचं तर गवताचे ढीग हवेत आणि हात बसलेले कारागीर हवेत. दोन्ही आता दुर्मिळ. म्हणून कित्येक छपरांवर सरळ पत्रा ठोकलेला दिसतो.

मग खांब. ते दगडांवर नुसते टेकवलेले असतात, तरी ओल आणि वाळवी पायथ्यापासून वर चढते. पण अख्खा खांब बदलावा लागत नाही. सुतार कुजलेला भाग कापून तिथे नवं लाकूड खाचेत खाच अडकवून बसवतो. या कामाला ‘नेत्सुगी’ म्हणतात.

एप्रिल 2025 पासून कायदाही आडवा येतो. दुमजली लाकडी घराच्या छपराचा किंवा खांबांचा निम्म्याहून जास्त भाग दुरुस्त करायचा, तर आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो.

चिइओरीचं मोठं काम 2012 मध्ये झालं, म्हणजे खरेदीनंतर तब्बल 39 वर्षांनी. जमिनीच्या काळ्या फळ्या उचलून खाली उष्णतारोधक थर घातला, जमीन तापवण्याची सोय केली आणि त्याच फळ्या पुन्हा वर बसवल्या. आता तिथे पाहुणे पैसे देऊन राहतात. इरोरी मात्र जागच्या जागी आहे.