पॅपाव्हरिन: वेदना न शमवणारे अफूजन्य औषध

अफूच्या बोंडातून पाझरणाऱ्या चिकात मॉर्फिनबरोबरच पॅपाव्हरिन हे अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजनयुक्त वनस्पतिजन्य द्रव्य, असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग मेर्क यांनी १८४८ मध्ये ते प्रथम वेगळे केले. मॉर्फिनप्रमाणे ते मेंदूतील वेदनाशामक ग्राहींना चिकटत नाही, त्यामुळे त्याने वेदनेची जाणीव बोथट होत नाही किंवा मॉर्फिनसारखे व्यसनही जडत नाही. त्याचे कार्यक्षेत्र म्हणजे रक्तवाहिन्या आणि आतडी यांच्या भिंतींतील अनैच्छिक स्नायू. तेथील फॉस्फोडायएस्टरेज या विकराला, म्हणजे पेशींतील संदेशवाहक रेणू मोडणाऱ्या प्रथिनाला, ते अडवते, त्यामुळे ते रेणू साठून स्नायू सैलावतो.

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत छातीतील धमनी जोडण्यासाठी मोकळी करताना ती हाताळणीनेच आकसते, आणि अशा वेळी तिच्यावर पॅपाव्हरिनचे द्रावण शिंपडणे हा त्याचा कदाचित सर्वांत सुंदर उपयोग होय. मेंदूभोवती रक्तस्राव झाल्यावर आकुंचन पावलेल्या धमन्यांतही ते सोडले जाते, मात्र तो परिणाम अल्पजीवी असतो. फ्रेंच शल्यविशारद रोनाल्ड व्हिराग यांनी १९८२ मध्ये लिंगशैथिल्यावर त्याच्या इंजेक्शनचा उपयोग दाखवला. शिरेतून घाईने दिल्यास रक्तदाब घसरतो व हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ते सावकाशच द्यावे लागते. भारतात पोटातील पेटक्यांवर सर्रास दिले जाणारे ड्रोटाव्हेरिन हे त्याच्याच रचनेवरून घडवलेले औषध आहे.