टेबलावरच्या हॅकरची बत्तीस वर्षं

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, गेम मास्टर प्रसंग रंगवतो, फासे पडतात आणि गोष्ट पुढे सरकते. सायबरपंक प्रकारात या टोळीत एक हॅकर हवाच. विल्यम गिब्सनच्या ‘न्यूरोमॅन्सर’नं (१९८४) तसा पायंडाच पाडला. पण कादंबरीतला हॅकर मेंदू यंत्राला जोडून सायबरस्पेसमध्ये एकटा उतरतो. वाचताना ते भारून टाकतं. टेबलावर मात्र याच एकटेपणानं नियम लिहिणाऱ्यांना तीन दशकं छळलं.

माइक पाँडस्मिथ यांचा ‘सायबरपंक’ १९८८ साली आला, ‘शॅडोरन’ १९८९ साली आणि ‘सायबरपंक २०२०’ ही पाँडस्मिथ यांची पुढची आवृत्ती १९९०मध्ये. सगळीकडे हॅकिंग म्हणजे खेळाच्या पोटातला दुसरा खेळ. ‘२०२०’मध्ये चौकटींच्या कागदावर भिंती आणि दारं आखून कंपनीचा डेटा-किल्ला उभा करायचा. ‘शॅडोरन’मध्ये संगणकाचा नकाशा, त्यातला प्रत्येक नोड निळा, हिरवा, नारिंगी किंवा लाल, आणि पावलोपावली फासे. तेवढा वेळ गेम मास्टर आणि हॅकर दोघंच खेळत, बाकीचे पिझ्झा आणायला जात. हे इतकं नेहमीचं झालं की कित्येक गेम मास्टर हॅकरचं पात्र कुणाला देईनातच. ते स्वतःच चालवत.

याच काळात असे नियम भलत्यांच्याच डोळ्यांत खुपले. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसनं टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ-प्रकाशन कंपनीवर छापा घातला. संगणकांबरोबर ‘गर्प्स सायबरपंक’ या खेळाच्या पुस्तकाचा मजकूरही गेला. लेखक लॉइड ब्लँकनशिप ‘द मेंटॉर’ नावानं खऱ्या हॅकरांत वावरलेले, म्हणून संशय. खेळाचं पुस्तक हे गुन्ह्याचं मार्गदर्शक मानलं गेलं. कंपनी कोर्टात गेली आणि १९९३मध्ये जिंकली.

‘शॅडोरन’नं १९९५च्या ‘व्हर्च्युअल रिॲलिटीज २.०’मध्ये नकाशा मोडीत काढला. यंत्रणेला पाच आकडे द्यायचे आणि हॅकरच्या प्रत्येक हालचालीगणिक यंत्रणेच्या फाशांनुसार सावधपणाची बेरीज वाढवत न्यायची. काम झटपट झालं, पण हॅकर अजून एकटाच.

खरं वळण ‘शॅडोरन’च्या २००५ सालच्या चौथ्या आवृत्तीत आलं. सगळं वायरलेस झालं आणि हॅकर टोळीबरोबर चालू लागला, चकमकीच्या मध्यात समोरच्याची बंदूक बंद पाडू लागला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी निर्णय. एक उणीव मात्र मोठी होती. फासे कौशल्य आणि विकत घेतलेल्या प्रोग्रॅमवर ठरत, पात्राची बुद्धी हिशेबातच नव्हती. २०१३च्या पाचव्या आवृत्तीनं महागडा सायबरडेक, म्हणजे हॅकिंगचं खास यंत्र, परत आणून हॅकरला त्याचं वेगळेपण दिलं.

‘सायबरपंक रेड’नं (२०२०) आधी कथेतच बदल केला. या जगात २०२२ साली बार्टमॉस नावाच्या हॅकरच्या डेटाक्रॅशनं जगभरचं नेट उद्ध्वस्त केलेलं असतं. म्हणून २०४५मध्ये प्रत्येक इमारतीचं नेटवर्क स्वतंत्र, आणि नेटरनरला, म्हणजे हॅकरला, तिथं जाऊन जोडणीपासून सहा मीटरच्या आत उभं राहावंच लागतं. नेटवर्क लिफ्टसारखं एकाखाली एक मजल्यांचं: कुठं पासवर्ड, कुठं फाइल, कुठं कॅमेऱ्यांचं नियंत्रण.

समजा, एका नेटरनरचा इंटरफेस, म्हणजे हॅकिंगची क्षमता, ४ आहे. म्हणजे एका पाळीत नेटमध्ये तीन हालचाली. पहिलीत पासवर्ड फोडला, दुसरीत खालच्या मजल्यावर छतावरच्या तोफेचा ताबा घेतला, तिसरीत तीच तोफ पहारेकऱ्यांवर वळवली. पुढच्या मजल्यावर हेलहाउंड हा हल्लेखोर प्रोग्रॅम. त्याचा घाव थेट मेंदूवर, शिवाय डेक आणि अंगावरचे कपडे पेटतात. आग विझवायची तर अख्खी कृती शरीरासाठी खर्चावी लागते, नेटमधल्या तिन्ही हालचाली हातच्या जातात. न विझवावी तर दर पाळीला आणखी दोन गुणांचं नुकसान. शेजारी गोळीबार चालू असतो, आणि हा निर्णय सगळं टेबल श्वास रोखून पाहतं. तीस वर्षं नियमांना जे साधायचं होतं ते हेच, आणि इथं ते साधलं आहे.

त्याची किंमतही मोजावी लागली. अथांग नेट गेलं. बहुतेक नेटवर्कं एकाच दिशेनं खाली उतरतात, त्यामुळे दहाव्या इमारतीत शिरताना नेटरनरला पुढे काय येणार याचा अंदाज असतो. फाटे आखायची मुभा नियमात आहे. ती वापरायची की नाही, हे गेम मास्टरच्या तयारीवर सोडलेलं आहे.