जस्त

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांच्या दृष्टीस चांदीच्या नक्षीने चमकणारी काळीभोर भांडी पडतात. त्यांस बिदरी काम म्हणतात. पाहणाऱ्याचे लक्ष चांदीकडे जाते. परंतु ती ज्या धातूवर शोभते, त्याचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. तो धातू म्हणजे जस्त.

जस्त निळसर पांढऱ्या रंगाचे असते. थंड असता ते ठिसूळ असते. परंतु शंभर अंशांहून थोडे अधिक तापविले म्हणजे त्याचे पत्रे काढता येतात. ते सुमारे ४२० अंशांस वितळते व ९०७ अंशांस उकळते. निसर्गात ते बहुधा गंधकाशी संयोग पावलेल्या खनिजाच्या रूपाने आढळते.

हे खनिज भाजून कोळशाबरोबर तीव्र उष्णता दिली असता जस्त मोकळे होते. परंतु भट्टीत त्याची तत्काळ वाफ होते आणि हवा लागताच ती जळून केवळ पांढरी भुकटी उरते. म्हणून तांबे व लोखंड हाती आल्यानंतरही शुद्ध जस्त दीर्घकाळ माणसास हुलकावणी देत राहिले.

राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथील कारागिरांनी या अडचणीवर मात केली. खनिज व कोळसा भरलेल्या, वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी ते भट्टीत उलट्या बसवीत. मुशीच्या तोंडास जोडलेली नळी खालच्या थंड कप्प्यात उतरे. वाफ तीत शिरून निवे आणि जस्त थेंबाथेंबाने खाली पडे. ही युक्ती निदान सहाशे वर्षांपूर्वीची आहे. इंग्लंडात विल्यम चॅम्पियन याने अशाच रीतीने जस्त काढण्याचे पेटंट १७३८ मध्ये मिळविले.

बिदरी कामास बीदर या नगराचे नाव मिळाले आहे. बीदर व औरंगाबाद ही दोन्ही नगरे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती, आणि औरंगाबादेतही ही कला रुजली. जस्ताच्या सुमारे सोळा भागांत तांब्याचा एक भाग मिसळून भांडे ओततात. त्यावर नक्षी कोरून खाचांत चांदीची तार ठोकून बसवितात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांचा लेप भांड्यास चोळतात. त्यामुळे मिश्रधातू काळा पडतो. चांदी मात्र जशीच्या तशी शुभ्र राहते.

पितळ तयार होते तेही तांब्यात जस्त मिसळूनच. लोखंडी पत्र्यावर व बादलीवर जस्ताचा मुलामा देतात. त्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, तरी हवापाण्याशी प्रथम जस्त झिजते आणि लोखंड गंजापासून वाचते. विजेरीच्या साध्या घटाचे कवचही जस्ताचे असते. ते हळूहळू क्षय पावते, तेव्हाच दिवा उजळतो. मानवी शरीरासही वाढीसाठी व जखमा भरून येण्यासाठी जस्ताचा अल्प अंश लागतो.

स्वतः काळे होऊन चांदीस उठाव देणारे आणि स्वतः झिजून लोखंडास राखणारे जस्त मोलाने चांदीच्या खाली असेल. उपयोगाने मात्र ते कोणाहून उणे नाही.