न दिलेल्या दानाची नोंद

या हाताचे दान त्या हाताला कळू नये, अशी आपल्याकडची रीत. परंतु दोन्ही हातांना न कळताच दान झाले तर? समजा, बेळगावातल्या एका निवृत्त गृहस्थांच्या हाती क्रेडिट कार्डाचे मासिक विवरणपत्र आले. किराणा, औषधे, विजेचे बिल, सारे ओळखीचे. आणि मध्येच एका परदेशी सेवाभावी संस्थेच्या नावापुढे शंभराच्या आतली एक रक्कम. गृहस्थ क्षणभर थबकतात आणि पान उलटतात. रक्कम ती केवढी, आणि गेली तीही सत्कार्याला! हा उदारपणा त्यांना महागात पडण्याचा संभव आहे.

चोरलेल्या कार्डांच्या क्रमांकांचा चोरटा बाजार असतो. ते विकत घेणाऱ्याला आधी पाहायचे असते की, कार्ड चालू आहे की बंद. वस्तू मागवावी तर पत्ता द्यावा लागतो. देणगीच्या संकेतस्थळावर मात्र हवी तेवढी लहान रक्कम भरता येते, माल कोठे पोचवायचा नसतो, आणि दात्याची फार चौकशी करणे कोणत्याही संस्थेला अवघडच. म्हणून चोर तेथे चिमूटभर 'दान' करून पाहतो. ते वठले की मोठा हात मारायला तो मोकळा. बिचाऱ्या संस्थेला यातले काहीच ठाऊक नसते. भारतातल्या व्यवहारात सहसा ओटीपीचा अडसर असतो, परदेशी स्थळांवर तो अनेकदा नसतो. तेव्हा नोंद परदेशी असेल तर संशयाला अधिक जागा.

तरीही प्रत्येक अनोळखी नोंद म्हणजे चोरीच, असे नव्हे. संस्थेचे प्रचलित नाव एक, नोंदणीतले दुसरे आणि पैसे गोळा करून देणाऱ्या मध्यस्थ कंपनीचे तिसरे. विवरणपत्रात यांपैकी कोणतेही उमटू शकते. त्या तारखेची पावती ईमेलमध्ये शोधावी, घरात विचारावे. सूनबाईंनी त्याच कार्डावर अनाथाश्रमाला पैसे पाठवले असतील. किंवा पूर्वी कधी देणगी देताना 'दरमहा' या शब्दापुढची खूण तशीच राहिली असेल. अशा ऑटो-पे वसुलीची सूचना निदान चोवीस तास आधी मिळावी आणि ग्राहकाला ती केव्हाही थांबवता यावी, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. सूचना येते, वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

आणखी एक प्रकार आहे. तिकीट काढताना बिलात धर्मादायाचे चार रुपये आपसूक मिळवलेले असतात. ग्राहकाच्या संमतीवाचून अशी रक्कम घुसडणे ही फसवी क्लृप्ती आहे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले. त्याची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

ही सारी चौकशी मात्र एका संध्याकाळीच आटोपावी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली, तर ग्राहकावर तोशीस नाही. चार ते सात दिवस लागले, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर दहा हजारांपर्यंतचा भार त्याच्यावर येऊ शकतो. त्यापुढे बँकेचे धोरण ठरवील तसे. आणि हे दिवस मोजायचे ते बँकेचा संदेश मोबाइलवर आला तेव्हापासून. विवरणपत्र येईपर्यंत मुदत बहुधा उलटलेली असते. म्हणून ते लहानसे संदेश वाचण्याची सवय हवी. ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्या नियमाने ग्राहकाच्याच माथी बसते.

बँकेला फोन करावा तो कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर. इंटरनेटवर शोधून सापडलेला क्रमांक कधी कधी भामट्यांचाच असतो. कार्ड बंद करवून घ्यावे, तक्रार लेखी द्यावी आणि तिचा क्रमांक टिपून ठेवावा. चोरी उघड असेल, तर १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनलाही कळवावे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

देणगी खरोखर आपलीच, पण चुकून दिलेली निघाली, तर बँकेकडे न जाता संस्थेलाच पत्र लिहावे. बँकेमार्फत पैसे उलटवले की शुल्काचा भुर्दंड संस्थेवर पडू शकतो, आणि तो अखेर दुसऱ्या कोणाच्या तरी देणगीतून भरला जातो.

नवे कार्ड आले की त्यावरचे परदेशी व्यवहार, गरज नसेल तर, बँकेच्या अ‍ॅपमधून बंदच ठेवावेत. विजेच्या बिलाचे ऑटो-पे जुन्या कार्डाला जोडलेले असेल, ते तेवढे नव्याला जोडून घ्यावे.