गोळी लपवावी लागते तेव्हा

भारतात एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांत २००४ सालापासून मोफत मिळतात. ती रोज, न चुकता घ्यावी लागतात. अडचण इथेच येते. वसतिगृहात राहणारी एखादी मुलगी घ्या. मैत्रिणी विचारतील या धास्तीने ती गोळी चुकवते. असे वारंवार झाले की रक्तातील औषधाची पातळी घटते, विषाणू पुन्हा वाढतो आणि त्यात औषधाला दाद न देणारे प्रकार टिकून राहतात. मन खचलेल्या माणसाच्या औषधातही असाच खंड पडतो. लोकलाजेचा परिणाम असा थेट रक्तात दिसतो!

वास्तविक, शेजारी बसल्याने किंवा डबा वाटून खाल्ल्याने ही लागण होत नाही. औषधाने विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर तो लैंगिक संबंधातूनही जात नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका अभ्यासात शेकडो जोडप्यांमध्ये जोडीदाराकडून झालेली अशी एकही लागण आढळली नाही.

२०१७ च्या कायद्याने शाळेतील भेदभावाला मनाई केली आहे. वर्गात कोण बाधित आहे, हे शिक्षकाला कळण्याची गरजच नाही. आम्हांला वाटते, हा पाठ शिकवताना तसे मूल समोर बसले आहे असे धरूनच बोलावे. भिंतीवर ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असा जुना तक्ता असेल, तर तो आधी उतरवावा.