कळांची वेळ कोण ठरवतं?

‘डॉक्टर, सलाईनचा वेग जरा वाढवा ना, लवकर मोकळी होईल.’ लेबर रूमबाहेर ताटकळलेले नातेवाईक ही विनंती हमखास करतात. त्यामागे माया असते. पण औषध जास्त म्हणजे कळा जास्त, हा गैरसमजही असतो. गर्भाशयाचं गणित वेगळं आहे. रक्तात हार्मोन किती, यापेक्षा ते टिपून घेणारे रिसेप्टर स्नायूत किती आणि किती तत्पर आहेत, यावर कळा ठरतात.

कळा आणणारं हार्मोन म्हणजे ऑक्सिटोसिन. पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये नोंदवलं. अर्कातली ९ अमिनो आम्लांची ही साखळी व्हिन्सेंट दु विन्यो यांनी प्रयोगशाळेत घडवली. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. औषध हाती आलं, कोडं मात्र राहिलं. कळा सुरू होण्याआधी आईच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन फारसं वाढतच नाही. मग गर्भाशय त्याच दिवशी का जागं होतं? याचं मोठं उत्तर १९८२ मध्ये आना-रीटा फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. दिवस भरत येतात तसे स्नायूतले ऑक्सिटोसिन रिसेप्टर वाढत जातात. एरवीच्या गर्भाशयाशी तुलना केली, तर कळा सुरू होताना ते शंभरपटीहून जास्त असतात. म्हणूनच चौथ्या-पाचव्या महिन्यात ज्या मात्रेनं फारसं काही होत नाही, तीच मात्रा नवव्या महिन्यात जोरदार कळा आणते.

तोवर स्नायूला शांत ठेवतं प्रोजेस्टेरॉन. मेंढीत प्रसूतीआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं. बाईच्या शरीरात तसं होत नाही. वार पडेपर्यंत ते भरपूर असतं. बदल होतो तो त्याच्या रिसेप्टरमध्ये. या रिसेप्टरची ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन रूपं आहेत. ‘बी’ स्नायूला शांत ठेवतं, तर ‘ए’ त्या ‘बी’ला आवर घालतं. दिवस भरले की ‘ए’चं प्रमाण वाढतं आणि प्रोजेस्टेरॉन असूनही निष्प्रभ होतं. इतकी नाजूक व्यवस्था मला शरीरशास्त्रात क्वचितच दिसली.

मग इस्ट्रोजेनचा जोर वाढतो. ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर वाढतात आणि शेजारच्या पेशींना जोडणारी कोनेक्सिन-४३ या प्रथिनाची सूक्ष्म दारं तयार होतात. ऑक्सिटोसिन रिसेप्टरवर बसलं की पेशीत कॅल्शियम वाढतं, तंतू एकमेकांवर सरकतात आणि आकुंचनाची लाट दारादारांतून गर्भाशयभर पसरते. सातव्या-आठव्या महिन्यात ही दारं थोडी असतात, म्हणून तेव्हाच्या खोट्या कळा पोट कडक करून विरून जातात.

आता पुन्हा सलाईनकडे. सिस्टर पोटावर हात ठेवून घड्याळ पाहत बसलेली असते. १० मिनिटांत तीन-चार कळा पुरेशा. पाचापेक्षा जास्त झाल्या तर वेग कमी करायचा किंवा सलाईन बंद करायचं. कळ आली की वारेकडे जाणारा रक्तप्रवाह घटतो. दोन कळांमधल्या उसंतीतच बाळाला पुरेसा प्राणवायू मिळतो. शिवाय तासन्‌तास औषधाचा मारा झाला की रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात, नवे कमी बनतात. बाळ जन्मल्यावर रक्तस्राव थांबवायला गर्भाशय घट्ट आवळलं जायला हवं, आणि नेमकं तेव्हाच ते ऑक्सिटोसिनला दाद देईनासं होण्याचा धोका वाढतो. घाईची ही किंमत बाळंतिणीला मोजावी लागते, म्हणून वेग ठरवण्याचं काम तिथल्या डॉक्टर-सिस्टरवरच सोडावं.

अशा वेळी वेगळ्या रिसेप्टरवर चालणारी औषधं कामी येतात: मिसोप्रोस्टॉल, कार्बोप्रोस्ट. ही प्रोस्टाग्लँडिनच्या रिसेप्टरना चेतवतात. पण कार्बोप्रोस्टनं श्वासनलिकांचे स्नायूही आवळू शकतात, त्यामुळे दमा असलेल्या बाईला ते टाळतात. घरात कुणी गरोदर असेल आणि तिला दमा असेल, तर तो नाव नोंदवतानाच सांगून केसपेपरवर लिहून घ्यावा.